एडीमुळे मी महिनाभर भांडी घासली, तरी माझं मत ऐका

मे २०२५ मध्ये एनबीएची (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) ऑल-रुकी टीम, म्हणजे पहिल्या वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूंची यादी, जाहीर झाली, त्यात एडीचं नाव आलं, मी पैज हरलो आणि दुसऱ्या दिवसापासून पुढचे तीस दिवस आमच्या फ्लॅटमधली भांडी मी घासली. डिशवॉशर आहे हो घरात, पण पैज लावतानाच ठरलं होतं की कुकर, कढई आणि तवा हातानेच, आणि माझा रूममेट पडला कोल्हापूरचा, त्या पठ्ठ्याने त्या एका महिन्यात जेवढा तांबडा रस्सा केला तेवढा दोन वर्षांत केला नव्हता. कढईच्या कानापर्यंत तर्री चढलेली, आणि हा सोफ्यावरून विचारतोय, "भावा, एडीचे रिबाउंड किती झाले म्हणालास?" (रिबाउंड म्हणजे चुकलेला शॉट पकडणं.)

तर पैज झॅक एडीवरची. ज्यांना बास्केटबॉलचं काही देणंघेणं नाही त्यांच्यासाठी सांगतो, हा टोरांटोचा पोरगा, उंची ७ फूट ४ इंच, लहानपणी आइस हॉकी आणि बेसबॉल खेळायचा, बास्केटबॉल नीट हातात धरला तोच दहावीच्या आसपास. आणि तिथून पर्ड्यू युनिव्हर्सिटीत येऊन २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षं अमेरिकेतला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. असं लागोपाठ त्याच्या आधी राल्फ सॅम्पसनने केलं होतं, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. आम्ही दोघं नेमके २०२२ ते २४ पर्ड्यूत एमएस करत होतो, त्यामुळे हे सगळं टीव्हीवर कमी आणि कॉलेजच्या मॅकी अरेनात जास्त बघितलंय. जानेवारीत वेस्ट लाफायेतच्या थंडीत लाइन लावायची, नाकातलं पाणी गोठतं, आत गेलं की चौदा हजार लोकांचा आवाज आणि ट्रेनची शिट्टी, आणि मग तो टनेलमधून वाकून बाहेर येतो. रिंग दहा फुटांवर असते, त्याला तिथे हात लावायला टाचा उचलल्या तरी जवळपास पुरतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसूच आलं, मोठ्या भावाच्या वर्गात चुकून पहिलीची पोरं बसवल्यासारखी बाकीची टीम दिसत होती.

आणि तरीही मी, पर्ड्यूचा माणूस, पैज त्याच्याविरुद्ध लावली. ड्राफ्टच्या रात्री (एनबीएच्या टीम आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात ती), जून २०२४. मेम्फिसने त्याला ९ व्या नंबरवर उचललं तेव्हा निम्मे एक्स्पर्ट चाट पडले होते, मी पण. मी म्हटलं पहिलं वर्ष बेंच गरम करणार हा, नंतर युरोप नाहीतर चीन.

का म्हटलं ते सांगतो, अगदीच उगाच नव्हतं. २०२१ चा सर्वोत्तम कॉलेज खेळाडू लुका गार्झा, हाही एडीसारखा सेंटर (रिंगखालचा उंच खेळाडू), ड्राफ्टमध्ये ५२ वा. २०२२ चा ऑस्कर शिब्वे, हाही सेंटर, त्याला तर ड्राफ्टमध्ये कोणी घेतलंच नाही. त्याआधीची उदाहरणं तर विचारूच नका. ॲडम मॉरिसन, गोंझागाचा, मॅचला २८ पॉइंट, २००६ ला तिसऱ्या नंबरवर गेला, गुडघा गेला आणि चार-पाच वर्षांत विषय संपला. लेकर्स टीमबरोबर दोन चॅम्पियनशिप रिंगा मिळाल्या म्हणा, पण त्या बहुतेक बेंचवरून.

आणि कॉलेज आणि एनबीए हे एकाच नावाचे दोन वेगळे खेळ आहेत राव. रिंगच्या पुढचा तो रंगवलेला पट्टा कॉलेजमध्ये १२ फूट रुंद, एनबीएत १६. दोन-दोन फूट दोन्ही बाजूला, ऐकायला काहीच नाही, पण एडीसारखा माणूस पाठ लावून बॉल मागतो तेव्हा तो रिंगपासून तेवढा लांब ढकलला जातो, म्हणजे नुसतं वळून टाकायचं ते आता एक ड्रिबल मारून वळून टाकायचं, आणि त्या एका ड्रिबलमध्ये एनबीएचा गार्ड (बॉल खेळवणारा चपळ खेळाडू) खालून बॉल काढून नेतो. डिफेन्सला तर अजून पंचाईत. कॉलेजमध्ये तो रिंगखाली तंबू ठोकून बसू शकत होता, एनबीएत कुणाला मार्क न करता त्या पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबलं की टेक्निकल फाउल. शॉट क्लॉक (शॉट मारायला मिळणारे सेकंद) ३० चा २४, मॅच ४० मिनिटांची ४८, आणि वर्षाला पस्तीस-चाळीसच्या जागी ८२ मॅच. शिवाय प्रत्येक टीमचा गार्ड त्याला मुद्दाम बाहेर ओढणार, हा वर आला तर वळसा घालून आत, खाली थांबला तर निवांत थ्री (लांबून तीन पॉइंटचा शॉट). सव्वासात फुटाच्या माणसाने करायचं काय?

मार्च २०२३ ची कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा मी विसरलो नव्हतो. फेअरली डिकिन्सन नावाचं कॉलेज, सगळ्या डिव्हिजन वनमधली (कॉलेज खेळाची सर्वात वरची पातळी) सर्वात बुटकी टीम, १६ वी सीड (म्हणजे मानांकनात तळाला), आम्ही पहिली सीड. पुरुषांच्या स्पर्धेत १६ व्या सीडने पहिल्या सीडला हरवायची ही इतिहासातली दुसरीच वेळ, आणि ती आमच्या नशिबी. ६३-५८. त्यांनी एडीला पुढून एक मागून एक असं घेरलं आणि बाकीच्यांना म्हणाले मारा थ्री. नाही गेले. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये ओहायोचा एक जण फक्त माझ्याकडे बघून हसला, बोलला काहीच नाही, त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं.

त्यानंतर एडी एनबीएकडे जाऊ शकत होता, ड्राफ्टला नाव टाकून पण त्याने मागे घेतलं, परत आला. आता यातली गंमत आपल्या लोकांना लगेच कळेल: तो कॅनडाचा, म्हणजे स्टुडंट व्हिसावर. बाकीचे स्टार पोरं जाहिराती करून लाखो डॉलर कमावतायत आणि देशातला सर्वोत्तम खेळाडू व्हिसाच्या नियमांमुळे अमेरिकेत मोकळेपणाने कमावू शकत नाही. आम्ही लायब्ररीत आठवड्याला वीस तासांची नोकरी करणारे, त्या दिवशी पहिल्यांदा तो आमच्यातला वाटला.

आणि मग ८ एप्रिल २०२४. दुपारी सूर्यग्रहण, इंडियानापोलिसला खग्रास, आमच्याकडे थोडक्यात हुकलं, भर दुपारी संध्याकाळसारखा उजेड आणि सगळं कॅम्पस कागदी चष्मे लावून वर बघतंय. रात्री फायनल, पर्ड्यू विरुद्ध यूकॉन (युनिव्हर्सिटी ऑफ कनेक्टिकट). १९८० नंतर पहिल्यांदा फायनल फोरला (शेवटच्या चार टीममध्ये) पोचलेलो. भारतात तोवर ९ तारखेची सकाळ, गुढीपाडवा. आई व्हिडिओ कॉलवर गुढी दाखवतेय, "तुमच्याकडे ग्रहण होतं ना रे, आंघोळ केलीस का?" आणि माझ्या मागे टीव्हीवर यूकॉन शांतपणे आमची वाट लावतेय. ७५-६०. एडीचे ३७ पॉइंट! साठातले सदतीस! आणि आख्ख्या टीमला थ्री किती, सातपैकी एक. यूकॉनच्या कोचने ठरवूनच सोडलं होतं, त्याला एकट्याला त्यांच्या सेंटर क्लिंगनच्या अंगावर दोन-दोन पॉइंट घेऊ दे, बाकी कुणाला बॉल सुखाने मिळता कामा नये. मी तेव्हाच मनात म्हटलं, कॉलेजच्या कोचला हे सुचतं तर एनबीएतले तीस कोच काय झोपलेत? तिथेच माझी पैज तयार झाली.

आता चुकलो कुठे. मी ३७ पॉइंट घेणाऱ्या एडीला एनबीएत ठेवून बघत होतो. तो एडी मेम्फिसला गेलाच नाही. पर्ड्यूत मॅचला २५ पॉइंट, १२ रिबाउंड, प्रत्येक वेळी बॉल त्याच्याकडे. मेम्फिसमध्ये साधारण २१ मिनिटं, ९.२ पॉइंट, ८.३ रिबाउंड, आणि ते पॉइंट बरेचसे दुसऱ्याचे चुकलेले शॉट उचलून. मेम्फिसचा स्टार गार्ड जा मोरँट बॉल घेऊन घुसायचा, ह्याने फक्त आडवं उभं राहायचं, स्क्रीन लावायची (विरोधी खेळाडूची वाट अडवायची), मार खायचा, चुकलं तर वरच्या वर परत टाकायचं. त्यात गंमत म्हणजे त्या सीझनला मेम्फिसच्या कोचने पिक-अँड-रोल (स्क्रीन लावून लगेच रिंगकडे वळायचं) जवळजवळ बंदच करून टाकला होता, म्हणजे ह्याला जे सर्वात छान जमतं तेच मेनूत नाही. मार्चमध्ये कोचलाच घालवलं, सीझनच्या नऊ मॅच उरलेल्या असताना. एवढ्या गोंधळात पोरगं ऑल-रुकी फर्स्ट टीममध्ये. (त्याच टीममध्ये मेम्फिसचाच जेलन वेल्स पण होता, ड्राफ्टमध्ये ३९ वा, कॉलेजची पहिली दोन वर्षं डिव्हिजन टूला खेळलेला, ह्याच्यावर पैज सोडा, नाव पण मला माहीत नव्हतं.)

राजाने शिपायाचं काम हसत घेतलं, हे मला अपेक्षित नव्हतं. जिमर फ्रेडेट आठवतो? ब्रिगम यंगचा, २०११ ला कॉलेजमध्ये सगळ्यात जास्त पॉइंट, मॅचला २८.९, ड्राफ्टमध्ये दहावा. अर्ध्या कोर्टवरून मारायचा, त्याला बॉल हातात नसला की काय करायचं हेच कळेना, आणि सॅक्रामेंटोत बॉल कोण देतंय. एनबीए सुटली, शांघायला गेला, तिथे परत राजा, एका मॅचमध्ये ७३. आणि दुसरीकडे जेलन ब्रन्सन, २०१८ चा सर्वोत्तम कॉलेज खेळाडू, दोन नॅशनल टायटल, तरी ड्राफ्टमध्ये ३३ वा. डॅलसमध्ये चार वर्षं तिथला स्टार लुका डॉन्चिचच्या सावलीत जे मिळेल ते केलं आणि मग न्यूयॉर्कला जाऊन केवढा स्टार झालाय ते बघताच आहात. म्हणून आता मला कोणी विचारलं ना की अमुक कॉलेज स्टार चालेल का, तर मी त्याचे पॉइंट बघतच नाही. त्याला बॉल देऊ नका आणि बघा वीस मिनिटं काय करतो.

एडीच्या बाबतीत आता भीती वेगळीच आहे, पाय. जून २०२५ मध्ये डाव्या घोट्याचं ऑपरेशन झालंय, त्याच पायाने नोव्हेंबर २०२४ मध्येही त्याला बाहेर बसवलं होतं. एवढ्या उंच माणसांचा इतिहास बघून पोटात गोळा येतो. याओ मिंग तिशीत संपला, पायामुळे. बिल वॉल्टनचं तेच. इल्गॉस्कस मात्र पायाची ऑपरेशनांवर ऑपरेशनं होऊन पुढे कितीतरी वर्षं खेळला, म्हणून आशा सोडत नाही. पण मला विचाराल तर २०२५-२६ च्या सीझनला मेम्फिसने त्याला ८२ मॅच खेळवायचा हट्ट करू नये, पन्नास-साठ खेळव, बाकी बसव, कोण काय म्हणतंय ते म्हणू दे.

माझं मत: टिकणार. स्टार होणार नाही, पण दहा वर्षं कुठल्या ना कुठल्या टीमला रोज लागणारा माणूस होणार.

काल सीझन सुरू व्हायच्या तोंडावर कोल्हापूरकर नवी पैज घेऊन आला. "तीन वर्षांत ऑल-स्टार. दोन महिन्यांची भांडी." मी म्हटलं ऑल-स्टार (लीगच्या निवडक स्टार खेळाडूंची मॅच) नाही होत, लाव, आणि वर दहा वर्षं टिकतो ही पण लाव. तो म्हणाला, "आरं लेका, तुझा व्हिसा तरी हाय का धा वर्षं?"

ऑल-स्टारची पैज लागली आहे. कढई त्याने आत्ताच नवी मागवली, मोठी.