हलकी डिस्ट्रो टाकली की लॅपटॉप पळतो, हे कुणी सांगितलं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला, आणि तेव्हापासून एक सल्ला जिकडेतिकडे फिरतोय. गोषवारा असा: ‘लॅपटॉप छोटा आणि जुना आहे? मग सुरू झाल्या झाल्या सर्वांत कमी रॅम खाणारी लिनक्स डिस्ट्रो शोधा, तीच सर्वांत वेगवान. मशीन जुनं म्हणजे ३२-बिटच टाका. स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) बंद करा, नाहीतर डिस्क झिजते. पपी लिनक्ससारखी अख्खी रॅममध्ये चालणारी मिळाली तर सोन्याहून पिवळं. लॅपटॉप नव्यासारखा पळेल.’ सोबत बहुतेक वेळा एक तक्ता असतो: डिस्ट्रोचं, म्हणजे लिनक्सच्या तयार आवृत्तीचं नाव आणि समोर ती किती रॅम खाते तो एमबीतला आकडा.

सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. पण यातलं जवळपास प्रत्येक वाक्य अर्धवट आहे आणि एक तर सरळसरळ घातक.

आधी तो तक्ता. त्यातला आकडा डेस्कटॉप नुसता उघडून, काहीही न चालवता मोजलेला असतो. रिकामा ट्रक किती पळतो ते बघून माल भरल्यावरचा वेग सांगावा, तसला हा प्रकार. अँटीएक्ससारखी काटकसरी डिस्ट्रो आणि एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप असलेली साधी डेबियन यांच्यात फरक पडतो तो काहीशे एमबीचा. मेलची एक टॅब आणि व्हिडिओची एक टॅब उघडली की तेवढी रॅम ब्राउझरच गिळतो, मग खाली डिस्ट्रो कोणतीही असो. पटत नसेल तर फायरफॉक्सच्या अ‍ॅड्रेस बारमध्ये ‘अबाउट:प्रोसेसेस’ (about:processes) लिहून एंटर दाबा. प्रत्येक टॅब किती मेमरी धरून बसली आहे ते समोर येतं. तिथं एकदा पाच मिनिटं घालवली की डिस्ट्रोंच्या तक्त्यातला रस आपोआप कमी होतो.

शिवाय हे आकडे एकमेकांशी ताडून बघण्यासारखेही नसतात. कुणी एचटॉपमध्ये बघतो, कुणी निओफेचमध्ये, कुणी फ्री (free) या आदेशाने. प्रत्येकाची मोजायची रीत वेगळी. रिकामी रॅम लिनक्स फाइलींच्या कॅशसाठी वापरतं आणि गरज पडली की लगेच सोडतं. म्हणून बघायचंच असेल तर फ्रीच्या आउटपुटमधला ‘अव्हेलेबल’ हा रकाना बघा. आणखी एक गोष्ट: सर्वांत हलक्या डिस्ट्रोमध्ये प्रिंटर, ब्लूटूथ, अपडेटची सूचना यातलं बरंच काही सुरूच नसतं. ते लागलं की तुम्ही सुरू करणार, आणि वाचलेली रॅम परत जाणार.

आता ३२-बिट. यात एक गोष्ट खरी आहे: ३२-बिटमध्ये पॉइंटर (मेमरीतला पत्ता) ८ ऐवजी ४ बाइटचा असतो, त्यामुळे तेच प्रोग्रॅम थोडी कमी मेमरी घेतात. पण ‘जुनं म्हणजे ३२-बिट’ हे समीकरण चूक आहे. २००८ च्या सुमारास आलेल्या नेटबुकांमधला अ‍ॅटम एन२७० खरोखरच ३२-बिट होता. त्यानंतरचे बहुतेक प्रोसेसर ६४-बिट आहेत. टर्मिनलमध्ये ‘एलएससीपीयू’ (lscpu) चालवा. ‘सीपीयू ऑप-मोड’ या ओळीत ६४-बिट दिसलं की विषय संपला.

गोंधळ होतो तो २०१४-१५ च्या आसपासच्या छोट्या मशीनवर, ज्यांत अ‍ॅटम झेड३७३५एफ, २ जीबी रॅम आणि ३२ जीबी ईएमएमसी (डिस्कऐवजीची साठवणुकीची चिप) असते. यांचा प्रोसेसर ६४-बिट, पण यूईएफआय, म्हणजे मशीन सुरू करून देणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर, ३२-बिट. साहजिकच नेहमीचा पेनड्राइव्ह बूट होत नाही आणि माणूस ‘माझं मशीनच ३२-बिट’ असं म्हणून मोकळा होतो. तसं नाही. ‘बूटआयए३२’ (bootia32) ही बूट-फाइल असलेली इमेज घेतली की त्यावर ६४-बिट लिनक्स व्यवस्थित चालतं.

आणि हा आग्रह नुसता चुकीचा नाही, घातकही आहे. ३२-बिटचं दुकान बंद होत आलंय. क्रोमने ३२-बिट लिनक्स २०१६ मध्येच सोडलं. फेडोराने २०१९ मध्ये ३१ व्या आवृत्तीपासून ३२-बिट कर्नल (लिनक्सचा गाभा) देणं थांबवलं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला ३२-बिट पीसीचा इन्स्टॉलरच नाही. फायरफॉक्सचीही लिनक्ससाठी १४४ ही शेवटची नियमित ३२-बिट आवृत्ती. ईएसआर या जास्त काळ सपोर्ट मिळणाऱ्या आवृत्तीला तेवढी थोडी मुदतवाढ मिळाली. चांगल्या ६४-बिट मशीनवर ३२-बिट टाकणं म्हणजे ब्राउझरचे सुरक्षा-अपडेट आपण होऊन बंद पाडून घेणं. ज्या मशीनवर नेट बँकिंग होणार आहे, तिथं हे करू नका. एन२७० च असेल तर गोष्ट वेगळी. तिथं डेबियन १२ वर आधारलेली अँटीएक्स २३ ची ३२-बिट आवृत्ती घ्या आणि लेखन, संगीत, जुन्या फाइली एवढ्यावर समाधान माना.

स्वॅप बंद करा म्हणणाऱ्यांचं मला खास नवल वाटतं. स्वॅप नसताना रॅम भरली की कर्नलकडे बाहेर काढण्यासारखं उरतं ते मुख्यतः प्रोग्रॅमांचा स्वतःचा कोड. तो टाकायचा, पुढच्याच क्षणी डिस्कवरून परत वाचायचा, पुन्हा टाकायचा. माऊसचा बाण जागीच गोठतो, डिस्कचा दिवा लागलेलाच राहतो आणि शेवटी बटण दाबून मशीन बंद करावं लागतं. झीज नको असेल तर त्यावर झेडरॅम हा तोडगा आहे: रॅममध्येच दाबून ठेवलेला स्वॅप, डिस्कवर काहीच लिहायचं नाही. फेडोरात तो ३३ व्या आवृत्तीपासून आपोआप चालू असतो. डेबियनमध्ये ‘झेडरॅम-टूल्स’ (zram-tools) हे पॅकेज टाकावं लागतं. २ जीबीच्या मशीनवर डिस्ट्रो बदलण्यापेक्षा या एका पॅकेजने जास्त फरक पडतो, असं माझं ठाम मत आहे.

पपीबद्दल थोडक्यात. बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये सुरू केलेली ही डिस्ट्रो हुशार आहे आणि डिस्क मेलेल्या मशीनवर तिला तोड नाही. पण रॅममध्ये उतरवलेली सिस्टिम जागा अडवते ती त्याच रॅममधली, जी ब्राउझरला हवी असते. त्यातून पपीत तुम्ही परंपरेने थेट रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता, म्हणून वावरता. रोजच्या वापराला मी ती सुचवणार नाही.

‘नव्यासारखा पळेल’ हे व्हिडिओपाशी उघडं पडतं. वरच्या झेड३७३५एफसारख्या ‘बे ट्रेल’ चिपमध्ये एच.२६४ या प्रकारचा व्हिडिओ उलगडायची सोय आहे, व्हीपी९ या प्रकाराची नाही. साइटने व्हीपी९ पाठवला की सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि चित्र अडखळतं. उपाय ब्राउझरमध्ये आहे: साइटला एच.२६४ च द्यायला लावणारं एक्स्टेंशन, सोबत जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन. हार्ड डिस्क बदलता येत असेल तर एसएसडी बसवा. ईएमएमसी आणि रॅम बोर्डावरच पक्की केलेली असेल, तर जे आहे त्यात भागवायचं.

मग टाकायचं काय? ६४-बिट आणि २ जीबी असेल तर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी हा तसाच हलका डेस्कटॉप घेऊन डेबियन, आणि झेडरॅम. ४ जीबी असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती; उगाच आणखी हलकं शोधू नका. टाकण्याआधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून वायफाय, आवाज, ब्राइटनेसची बटणं आणि झाकण मिटल्यावर झोपून परत जागं होणं, एवढं तपासा. डिस्ट्रो खरी अडते ती इथं. आणि १०२४ बाय ६०० च्या स्क्रीनवर इन्स्टॉलरचं ‘पुढे’ बटण खाली कडेबाहेर गेलं, तर एक्सएफसीईत ऑल्ट दाबून खिडकी कुठूनही धरा आणि वर ओढा.