कृषी विस्तार बंद करून पैसे खात्यावर टाकावेत काय? फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

निपाणी, चिकोडी, खानापूर आणि बेळगाव तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा : कृषी खाते, कृषी विद्यापीठे आणि कृषी विज्ञान केंद्रे यांनी शेतकऱ्याला आजवर काही दिले नाही, आता सगळे ज्ञान मोबाइलवर मिळते आणि फवारणीला ड्रोन आले आहेत, सीमाभागात तर सारा कारभार कन्नडमध्ये चालत असल्याने मराठी शेतकऱ्याला या यंत्रणेचा उपयोगच नाही, म्हणून शेतीचे ज्ञान शेतकऱ्यापर्यंत पोहोचवणारा हा विस्तार सेवेचा डोलारा बंद करून त्यावरचा पैसा थेट शेतकऱ्याच्या खात्यावर जमा करावा. यामागचा राग समजण्यासारखा आहे आणि भाषेचा मुद्दा तर बऱ्याच अंशी खराही आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

‘काही दिले नाही’ हे म्हणणाऱ्याने आपल्याच शिवारातला ऊस पाहावा. आपण नुसते ‘८६०३२’ म्हणतो तो वाण कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेचा, ‘२६५’ पाडेगावच्या संशोधन केंद्राचा, आणि साखर उताऱ्यासाठी ज्याचे नाव अजून निघते तो ‘६७१’ तमिळनाडूतील कडलूरचा. तिन्ही सरकारी संशोधनातून आले. उसाचे बेणे एका फडातून दुसऱ्या फडात जाते, दरवर्षी विकत घ्यावे लागत नाही, त्यामुळे खासगी कंपन्यांना त्यात फारसा रस नसतो, आणि त्याच कारणाने हे बेणे मुळात कुठून आले याचाही आपल्याला विसर पडतो. सोयाबीनची गोष्ट तर आपल्या अंगणातली आहे. कृष्णाकाठच्या दमट हवेत तांबेरा हा पानांवरचा बुरशीचा रोग असा पसरतो की कागवाड तालुक्यातील उगार खुर्द हे ठिकाण शास्त्रज्ञांनी वाण पारखण्यासाठीच निवडले : जो वाण तिथे टिकेल तो कुठेही टिकेल, असा त्यामागचा विचार. त्या कामातून धारवाड कृषी विद्यापीठाचा ‘डीएसबी २१’ हा तांबेरा-प्रतिकारक वाण आला, तर सांगलीजवळच्या कसबे डिग्रजच्या केंद्राने ‘फुले संगम’ दिला. दोन राज्यांतील दोन सरकारी केंद्रे एकाच रोगावर काम करत होती आणि दोन्हींचे बियाणे सीमेच्या अलीकडे-पलीकडे पेरले गेले.

मोबाइलवर सगळे मिळते, हा दुसरा दावा. माहिती मिळते, यात वाद नाही. प्रश्न ती वेळेवर आणि नेमकी मिळण्याचा आहे. हुमणी या उसाची मुळे खाणाऱ्या अळीचेच घ्या. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की तिचे भुंगेरे, म्हणजे पूर्ण वाढलेले किडे, संध्याकाळी जमिनीतून निघून कडुलिंब-बाभळीवर पाला खायला जमतात. ते गोळा करून मारण्याची किंवा प्रकाशसापळे लावण्याची वेळ हीच, कारण पुढे मादी जमिनीत अंडी घालते आणि श्रावण-भाद्रपदात ऊस पिवळा पडून उपटला तर हातात येऊ लागतो तेव्हा अळी तिसऱ्या अवस्थेत पोहोचलेली असते. मग दुकानातून आणलेले महागडे औषधही तिच्यावर फारसे चालत नाही. बहुतेक शेतकरी व्हिडिओ शोधतो तो नेमका तेव्हा. शिवाय भुंगेऱ्याला बांध कळत नाही. एकट्याने सापळा लावला आणि शेजारच्या चार फडांत कोणी काही केले नाही, तर कष्ट वाया जातात. सगळ्या गावाने एकाच आठवड्यात सापळे लावावेत म्हणून वळवाच्या आधी गावसभा घेणारा, घरोघर सांगणारा माणूस लागतो, आणि अशाच माणसाला विस्तार कार्यकर्ता म्हणतात. त्यात आपल्याकडची गंमत अशी की निपाणीचा शेतकरी यूट्यूबवर महाराष्ट्रातल्या कागल-शिरोळचे व्हिडिओ पाहतो, त्यातली महाडीबीटी या महाराष्ट्र सरकारच्या पोर्टलवरची अनुदाने मनावर घेतो आणि अर्जाच्या वेळी त्याला कळते की इथे कर्नाटकाच्या ‘फ्रूट्स’ या शेतकरी नोंदणी प्रणालीतील ओळख क्रमांक लागतो आणि योजनाही वेगळ्या आहेत.

ड्रोनबद्दल थोडक्यात. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याचे ठरले असून ८० टक्के, कमाल ८ लाख रुपयांपर्यंत साहाय्य आहे. त्या योजनेतच प्रशिक्षण अंतर्भूत आहे. ड्रोन फवारतो, काय फवारायचे आणि मुळात फवारायचे की नाही, हे तो ठरवत नाही.

डोलारा फार मोठा झाला आहे, हा समजही उलटा आहे. दर ७५० शेतकऱ्यांमागे एक विस्तार कार्यकर्ता असावा अशी शिफारस असताना देशपातळीवर हे प्रमाण १,१६२ मागे एक असल्याचे केंद्राच्याच अहवालांत नोंदले आहे. २०१३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत जेमतेम ४१ टक्के शेतकरी कुटुंबांना कुठून तरी तांत्रिक सल्ला मिळत होता, आणि त्या ‘कुठून तरी’मध्ये रेडिओ, वर्तमानपत्रे आणि खासगी विक्रेतेही धरलेले होते. आपल्या विस्तीर्ण बेळगाव जिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्रे दोन, बैलहोंगलकडे मत्तीकोप्प येथे आणि गोकाककडे तुक्कानट्टी येथे. निपाणीकराला दोन्ही आडवळणाचीच. माणूस गावात दिसत नाही ही तक्रार खरी आहे, पण ती माणसे कमी असल्याची तक्रार आहे.

आता भाषा. होबळीच्या (तालुक्याखालच्या महसुली विभागाच्या) रयत संपर्क केंद्रातील, म्हणजे कृषी खात्याच्या स्थानिक कार्यालयातील, पत्रके, अर्ज आणि सूचना कन्नडमध्ये असतात, आणि मराठी शाळेत शिकलेल्या शेतकऱ्याला त्यासाठी दुसऱ्याचे तोंड पाहावे लागते. कीटकनाशकाचे प्रमाण किंवा अर्जाची मुदत अशा रीतीने ऐकीव राहिली तर नुकसान होते. पण यावर यंत्रणा बंद करा, हे उत्तर नव्हे. ज्या जिल्ह्यात किंवा तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा अधिक असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत प्रसिद्ध कराव्यात, असे देशभर मान्य झालेल्या संरक्षक तरतुदींत म्हटलेले आहे. किसान कॉल सेंटर २००४ पासून सुरू आहे आणि तिथे २२ भाषांत उत्तरे देण्याची व्यवस्था आहे. फोनवर जे शक्य आहे ते होबळीच्या केंद्रात का होऊ नये, हे विचारले पाहिजे. केंद्रच उरले नाही, तर विचारणार कोणाला?

शेवटी थेट पैशाचा मुद्दा, ज्याला सर्वांत जास्त ‘लाइक’ मिळतात. पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये ज्याच्या नावावर जमीन आहे त्याच्या कुटुंबाला मिळतात. नवा पैसाही त्याच वाटेने जाईल. कर्नाटकात १९७४ च्या जमीन सुधारणांनंतर, काही अपवाद वगळता, जमीन कुळाने लावण्यास बंदी आहे; त्यामुळे वाट्याने किंवा खंडाने कसलेली जमीन तोंडी व्यवहारावर चालते आणि कसणाऱ्याचे नाव जमिनीच्या उताऱ्यावर कुठेच येत नाही. घरातल्या बाईचेही तेच : भांगलण ती करते, उतारा सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असतो. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने वाटेकरी, खंडकरी आणि शेतमजूर यांनाही शेतकरी मानले होते. गावात होणाऱ्या प्रशिक्षणाला किंवा पीक प्रात्यक्षिकाला यांतला कोणीही येऊन बसू शकतो, तिथे उतारा दाखवावा लागत नाही. पीएम-किसान सन्मान निधीची रक्कम अपुरी आहे असे वाटत असेल, तर ती वाढवून मागावी. ती स्वतंत्र मागणी आहे आणि तिच्यासाठी विस्तार सेवा मोडून टाकण्याचे कारण नाही.