मोबाईल बेडरूमच्या बाहेर ठेवा म्हणणाऱ्यांनो, थोडं ऐका

झोप लागत नाही असं कुणाजवळ नुसतं बोलून बघा, पुढचं वाक्य ठरलेलं असतं. "आधी तो मोबाईल हॉलमध्ये ठेव बघू." डॉक्टर तेच सांगतात, योगाच्या मॅडम तेच सांगतात आणि सोसायटीच्या ग्रुपवर रात्री पावणेबाराला फॉरवर्ड टाकणारे काका पण तेच सांगतात. आता माझी आई कराडला एकटी राहते, पंचाहत्तरी उलटलीये, बीपीची गोळी चालू आहे, शेजारी चांगले आहेत पण रात्री दोनला काही झालं तर पहिला फोन मलाच येणार ना. तो फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावून मी आत निवांत झोपू कशी? उलट तो लांब असला की अर्धा जीव तिकडेच अडकलेला असतो. आणि अशी घरं काही थोडी नाहीयेत, कुणाचा मुलगा नाईट शिफ्टला, कुणाची लेक टोरांटोला, कुणाचे वडील नुकतेच हॉस्पिटलमधून घरी आलेले. म्हणून माझं सरळ म्हणणं आहे की फोन राहू दे उशाशी, पण रात्री तो काय करू शकेल आणि काय नाही हे संध्याकाळी डोकं जागेवर असताना ठरवून टाका. साडेअकराला आडवं पडून ठरवायला गेलात तर काही खरं नाही.

डू नॉट डिस्टर्ब सगळ्यांना माहितीये पण त्याच्या सेटिंगच्या आत कुणी शिरत नाही. आत दोन कामाच्या गोष्टी आहेत. एक म्हणजे ठरावीक माणसांचे कॉल चालू ठेवता येतात, म्हणजे आई, भाऊ, आईच्या शेजारच्या काकू, एवढ्यांचीच रिंग वाजणार, बाकी सगळं जग मुकं. दुसरी गोष्ट त्याहून भारी, एकच नंबर लागोपाठ दोनदा आला तर दुसरा कॉल वाजू द्यायचा. अँड्रॉइडवर 15 मिनिटांच्या आत परत आला तर आणि आयफोनवर 3 मिनिटांच्या आत आला तर. म्हणजे माझ्या लिस्टमध्ये नसलेला कुणी खरोखर अडचणीत असेल तर तो दोनदा करेलच, आणि क्रेडिट कार्ड विकणारा रात्री दोनदा करत नाही. आईला मी एवढंच सांगून ठेवलंय की नाही उचलला तर लगेच परत लाव, लाजू नकोस. हे एकदा करून टाकलं आणि वेळ लावून दिली की रोज बटण दाबायला पण लागत नाही, दहा वाजले की आपोआप लागतं, सकाळी सहाला आपोआप सुटतं. आणि अँड्रॉइडच्या बेडटाईम मोडमध्ये स्क्रीन काळीपांढरी करायचा पर्याय असतो तो पण लावा, रील्समधली बिर्याणी राखाडी दिसायला लागली की हात आपसूक थांबतो.

आता तो ब्लू लाईटचा विषय. स्क्रीन पिवळी केली की झाली झोप, असं लोकांना वाटतं, चष्म्याच्या दुकानात त्यासाठी वेगळ्या काचा पण गळ्यात मारतात. विज्ञान खोटं नाहीये बरं का. डोळ्यात बघायच्या पेशींशिवाय आणखी एका जातीच्या पेशी असतात, 2002 च्या सुमारास त्या नीट कळल्या, त्या 480 नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर उजेडाने चेकाळतात आणि मेंदूला सांगतात की अजून दिवस आहे, मग मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाली हे शरीराला सांगणारं हार्मोन, लांबणीवर पडतं. पण हार्वर्डवाल्यांनी केलेला तो आयपॅड विरुद्ध कागदी पुस्तकाचा गाजलेला प्रयोग बघा, 2014 च्या शेवटी आला होता. त्यात माणसांना झोपायच्या आधी चार तास, फुल ब्राइटनेसवर, मंद उजेडाच्या खोलीत बसवून वाचायला लावलं होतं, आणि झोप लागायला किती उशीर झाला? सरासरी दहा मिनिटं. चार तासांच्या बदल्यात दहा मिनिटं! नंतर 2021 मध्ये अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीने आयफोनचा नाईट शिफ्ट (रात्री पडदा पिवळा करणारी सोय) लावलेले आणि न लावलेले लोक तपासले तर झोपेत सांगण्यासारखा फरक सापडला नाही. म्हणजे पडदा पिवळा करून त्याच पिवळ्या पडद्यावर बॉसचा मेल वाचला, नाहीतर जावेचे युरोप ट्रिपचे फोटो बघितले, तर झोप उडणारच आहे, तिथे उजेडाचा काय दोष.

गंमत म्हणजे फोनच्या उजेडाला एवढे घाबरणारे आपण घरात रात्री अकरापर्यंत काय लावून बसतो? पांढरीशुभ्र ट्यूब. आपल्याकडे एलईडी घ्यायला गेलं की दुकानदार न विचारताच 6500 केल्विनचा (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळसर) पांढरा काढून देतो, कारण "जास्त उजेड पडतो". हॉलमध्ये तोच, किचनमध्ये तोच, बेडरूममध्ये पण तोच, आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या बेडरूम रस्त्यावरून बघितल्या तर मेडिकलचं दुकान वाटतं. 2011 चा एक अभ्यास आहे, शंभरावर लोकांवर केलेला, त्यात झोपायच्या आधी मंद उजेडाऐवजी खोलीतला नेहमीचा उजेड ठेवला तर शरीरातला मेलाटोनिनचा वेळ सुमारे दीड तासाने आखडला. आणि हातातल्या फोनपेक्षा डोक्यावरच्या ट्यूबचा उजेड डोळ्यात कितीतरी जास्त जातो. मग उपाय काय, तर 2700 किंवा 3000 केल्विनचा वॉर्म व्हाईट बल्ब मागून घ्या, शंभर-सव्वाशेत येतो, साध्या टेबल लॅम्पला लावा आणि जेवणं आवरली की ट्यूब बंद. सासूबाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, व्होल्टेज कमी झालंय का? आता त्याच नऊला उठून ट्यूब बंद करतात.

त्याच फेरीत इलेक्ट्रिकलच्या दुकानातून काळी इन्सुलेशन टेप आणा. दिवे बंद करून बेडरूममध्ये एकदा नुसते उभे राहा आणि मोजा किती डोळे आपल्याकडे बघतायत. एसीचा आकडा, स्टॅबिलायझरचा आकडा, राउटरचे लुकलुकणारे हिरवे, सेट टॉप बॉक्सचा निळा (हा सगळ्यात चावट), मच्छरच्या मशीनचा लाल, एक्स्टेन्शन बोर्डचा केशरी. एकेकावर टेपचा नखाएवढा तुकडा. एसीच्या पॅनलला डिस्प्ले बंद करायचं बटण बहुतेक रिमोटवर असतंच, कुणी वाचत नाही एवढंच.

माझ्या मते झोपेसाठी फोनचा खरा उपयोग कानाने करायचा असतो. डोळे मिटलेले, फोन पालथा, आवाज अगदी हळू, आणि टायमर. टायमर तर पाहिजेच. आमच्या आधीच्या पिढीने विविध भारतीवर छायागीत ऐकत ऐकत झोप काढली, त्यात रात्री दहाला निवेदक हळू आवाजात बोलायचा, पुढचं गाणं कुठलं ते त्याच्या हातात, आपण निवडायचं काहीच नाही, आणि थोड्या वेळाने स्टेशनच बंद व्हायचं. आत्ता ते आकाशवाणीच्या न्यूज ऑन एअर अॅपवर फुकट ऐकायला मिळतं. यूट्यूबचं उलटं आहे, एक संपलं की तो लगेच दुसरं पुढे करतो, जेवण झालं तरी वाढत राहणाऱ्या आग्रही यजमानासारखा. म्हणून ऑटोप्ले बंद करा आणि स्लीप टायमर लावा, यूट्यूबला, स्पॉटिफायला, स्टोरीटेलला, सगळ्यांना आहे. आयफोनवाल्यांसाठी तर एक लपलेली सोय आहे, घड्याळाच्या अॅपमध्ये टायमर लावताना शेवटी कुठली रिंग वाजवायची ते विचारतो तिथे तळाशी जा, प्लेइंग थांबवा असा पर्याय आहे, मग कुठल्याही अॅपमध्ये काहीही चालू असो, वीस मिनिटांनी गप्प.

काय ऐकायचं? नवीन काही नको, रहस्यकथा तर नकोच, शेवट काय झाला म्हणून दीडपर्यंत जागरण होतं. आधी पाचपन्नास वेळा ऐकलेलं कथाकथन सगळ्यात बेस्ट, विनोद कुठे येणार ते आपल्याला ठाऊक असतं त्यामुळे मेंदू कान टवकारत नाही. नवऱ्याला जुन्या मॅचेसची कॉमेंट्री चालते, हे मला कधी कळणार नाही. आणि ज्यांचं डोकं आडवं पडलं की हिशोब करायला लागतं त्यांनी योगनिद्रा लावून बघा. आत्ता जी पद्धत सगळीकडे चालते ती बिहारमधल्या मुंगेरच्या स्वामी सत्यानंद सरस्वतींनी बसवलेली. उजव्या हाताचा अंगठा, पहिलं बोट, दुसरं बोट, तळहात, मनगट, कोपर, असं एकेका अवयवावरून लक्ष फिरवत न्यायचं, कुठेही थांबायचं नाही, विचार करायला फटच मिळत नाही. नियमाप्रमाणे त्यात झोपायचं नसतं म्हणे, जागं राहायचं असतं. मी डाव्या गुडघ्याच्या पुढे कधी पोचले नाहीये, आणि मला ते चालतंय. फक्त यूट्यूबवरून थेट लावू नका, "आता श्वास शांत होतोय" च्या पाठोपाठ इन्शुरन्सची जाहिरात ठणाणा ओरडते आणि माणूस ताडकन उठून बसतो. जाहिरात नसलेली एखादी ऑडिओ फाईल शोधून डाउनलोड करून ठेवा.

एसीचं थोडक्यात. झोप लागताना शरीराचं आतलं तापमान थोडं खाली येतं, त्याला खोली जरा गार असली की बरं पडतं, म्हणून सुरुवातीला गारवा आणि मग पहाटे कुडकुडणं नको. त्यासाठीच रिमोटवर स्लीप बटण असतं, बहुतेक एसीत ते दर तासाला एकेक डिग्री करत थोडं वाढवतं आणि थांबतं. 2020 पासून नवीन एसी सुरू केला की 24 वरच सुरू होतो, तिथेच ठेवा, पंखा दोनवर ठेवा. एक डिग्री वाढवली की साधारण 6 टक्के वीज वाचते असं सरकारी ऊर्जा बचतवाले सांगतात, ते बोनस. ज्यांच्याकडे एसी नाही त्यांनी पंखा बदलायचा झाला तर बीएलडीसी घ्या, जुना पंखा 75 वॅट खातो तिथे हा तीसेक वॅट, आणि रिमोटवर टायमर येतो. शिवाय पंख्याची एकसुरी घरघर कुत्र्यांचं भुंकणं नाहीतर वरच्या मजल्यावरची खुर्ची सरकवणं झाकायला पुरते. डीजेला मात्र कुठलंच यंत्र पुरत नाही. रहिवासी भागात रात्री 45 डेसिबलच्या वर आवाज नको हा नियम 2000 सालापासून आहे, तो कुणाला झोपेत तरी आठवतो का देव जाणे.

आणि ते मनगटावरचं घड्याळ. झोपताना काढून ठेवा, हे माझं ठाम मत आहे. खरी झोप मोजायची तर डोक्याला वायरी लावून मेंदूच्या लहरी बघाव्या लागतात, घड्याळ फक्त हात किती हलला आणि नाडी कशी चालली यावरून अंदाज बांधतं. किती वाजता झोपलात हे ते बऱ्यापैकी सांगतं, पण डीप म्हणजे गाढ झोप किती, आरईएम म्हणजे स्वप्नांची झोप किती, त्या आकड्यांवर जीव टाकू नये. 2017 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा आकड्यांच्या मागे लागलेल्या पेशंटवर पेपरच लिहिला, लॅबच्या तपासणीत गाढ झोप दिसली तरी त्यातल्या एका बाईंचा प्रश्न असा की मग माझा बँड वाईट का दाखवतो? आमच्या ऑफिसात पण सकाळी चहाच्या वेळी एक जण स्कोअर बघून ठरवतो की आज आपण थकलेलो आहोत. आठच्या गाडीला खिडकी मिळाल्यावर याच्याएवढा टवटवीत माणूस नसतो, पण घड्याळाने 61 दिलेत ना.

हे सगळं ज्याची झोप नुसती विस्कटलीये त्याच्यासाठी. ज्याची झोप आजारी आहे त्याला टेबल लॅम्प आणि छायागीताने काही होणार नाही, आणि तिथे फोन सगळ्यात जास्त उपयोगी पडतो हे मी घरातच बघितलंय. माझा मामा वर्षानुवर्षं घोरायचा, आम्ही पोरं त्याच्या घोरण्याची नक्कल करायचो, लग्नघरात त्याची गादी सगळ्यांपासून लांब गच्चीवर. दिवसा पेपर वाचता वाचता पेंगायचा, कीर्तनात तर हमखास, बीपी दोन दोन गोळ्यांनी पण आटोक्यात येईना. मामीने एका रात्री फोनचा व्हॉइस रेकॉर्डर चालू करून उशाशी ठेवला. सकाळी ऐकलं तर घोरणं, घोरणं, मग एकदम काहीच नाही, मोजत बसलं की जीव वर खाली होईल इतका वेळ काहीच नाही, आणि मग गुदमरल्यासारखा मोठा आचका. परत तेच. ती रेकॉर्डिंग घेऊन गेले, डॉक्टरांनी अर्ध्यातच थांबवली आणि टेस्ट लिहून दिली, आता ती घरीसुद्धा करता येते, बोटाला चिमटा, छातीला पट्टा, नाकाशी नळी. घशाचे स्नायू सैल पडून वाट बंद होते आणि श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त थांबतो, याला स्लीप अॅप्निया म्हणतात, असं तासाला 5 वेळांच्या आत झालं तर ठीक, 30 च्या वर गेलं की गंभीर. मामाचं 30 च्या बरंच वर होतं.

मग सीपॅप मशीन आलं. नाकावर मास्क, त्यातून हवेचा हलका दाब, वाट उघडी राहते, एवढंच काम. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी 1980 च्या सुमारास हे शोधलं तेव्हा व्हॅक्युम क्लीनरची मोटर उलटी वापरली होती, आता ते टिफिनच्या डब्याएवढं झालंय आणि आवाज जवळजवळ नाहीच. सुरुवातीला मामा म्हणाला हे तोंडाला लावून मी झोपू? पायलट झालोय का मी? आता मास्क नसेल तर झोपायलाच तयार नाही. लग्नाला हॉलवर गेला की नवरानवरीच्या आधी पलंगाजवळचा प्लग शोधतो आणि तो चालतो का ते चार्जर लावून बघतो. गावाकडे रात्री लाईट जाते म्हणून त्याला मशीनसाठी वेगळी बॅटरी घ्यायचीये. तुमच्यापैकी कुणाच्या घरी सीपॅप बॅटरीवर किंवा साध्या इन्व्हर्टरवर चालवत असाल तर किती तास चालतं ते जरूर सांगा, दिवाळीला तो गावी जातोय.