ओढणाऱ्याला आधी साइड

कापसाने ओथंबलेल्या ट्रॅक्टरने परवा मला स्कूटीसकट नालीत उतरवले, याचे मला एवढे वाईट वाटले नसते, कारण आमच्या भागात जिनिंगकडे निघालेली ट्रॉली दिसली की माणसाने नालीत उतरावे, हा शिष्टाचार दिवाळीपासून होळीपर्यंत सगळेच पाळतात. झोंबले ते पुढचे. नालीच्या काठावरच्या पानठेल्यावर बसलेल्या एका काकाजींनी या प्रकरणाचा तिथल्या तिथे निवाडा केला, तो माझ्या विरोधात दिला, आणि त्यासाठी जे कलम वापरले ते माझ्याच अभ्यासाच्या पुस्तकातले होते. इतकेच नव्हे, तर ते मीच त्यांना थोड्या वेळापूर्वी समजावून सांगितले होते.

मी विमान चालवायला शिकते आणि सध्या परीक्षेच्या तयारीसाठी अमरावतीजवळच्या आमच्या गावी येऊन राहिले आहे. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते हे लोकांना सांगितले की ते कौतुकाने मान हलवतात, परंतु त्याच्या जोडीला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे पेपर असतात आणि प्रत्येकात किमान ७० टक्के गुण मिळवावे लागतात, हे सांगितले की कौतुक ओसरते आणि चौकशी सुरू होते. हवामान आणि दिशाशास्त्र निदान समजून घेता येते. ‘एअर रेग्युलेशन्स’ हा पेपर मात्र पाठ करण्याचा आहे, आणि पाठांतर मोठ्याने केल्याशिवाय मला जमत नाही, त्यामुळे हवाई कायद्यातली बरीचशी कलमे आता आमच्या आळीतल्या म्हाताऱ्यांनाही येतात.

त्यातही माझे पुस्तक जुने. नागपुरातल्या एका दुकानदाराने ते मला नव्याच्या भावात विकले, आणि घरी येऊन उघडते तर पहिल्याच धड्यात १९३४ चा विमान कायदा. तो कायदा १ जानेवारी २०२५ पासून जाऊन त्याच्या जागी ‘भारतीय वायुयान अधिनियम, २०२४’ आला आहे. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला की विमान तर तेच आहे ना. त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ नव्हता, तरी मी बराच वेळ बोलले.

असो. आकाशातले वाहतुकीचे नियम मुळात फार सभ्य आहेत. दुसरे महायुद्ध चालू असतानाच शिकागोला देश जमले, ७ डिसेंबर १९४४ रोजी ५२ देशांनी करारावर सह्या केल्या, त्यांत भारतही होता, आणि त्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात कोणी कोणाला साइड द्यायची हे नीट लिहून ठेवलेले आहे. समोरासमोर आलेल्या दोन्ही विमानांनी आपापल्या उजवीकडे वळायचे. दोघांचे मार्ग एकमेकांना छेदत असतील, तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरे विमान आहे त्याने वाट सोडायची. रात्रीसाठी तर याची सोय दिव्यांतच केलेली आहे: विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकाला लाल दिवा असतो, उजव्या टोकाला हिरवा आणि शेपटीला पांढरा. उजवीकडून कोणी आडवे येत असेल तर त्याचा डावा पंख, म्हणजे लाल दिवा, आपल्याला दिसतो आणि आपण मुकाट्याने बाजूला होतो. त्याला आपला हिरवा दिसतो आणि तो निश्चिंतपणे पुढे जातो. हा नियम वाचताना मला दर वेळी भरून येते.

आता परवाची भूमिती अशी. मी वावरातून पांदणीने येत होते आणि ट्रॅक्टर माझ्या डावीकडून येत होता. म्हणजे मी त्याच्या उजव्या हाताला होते. म्हणजे साइड त्याने द्यायची होती. त्याने हॉर्न दिला.

नालीतून वर आले तेव्हा काकाजी खर्रा घोटत होते. ठेल्यावरच्या पोराच्या हाताला जोर नाही असे त्यांचे मत असल्यामुळे ते सामान विकत घेतात आणि घोटतात स्वतः. पन्नीत सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना घालून तिची चापट गुंडाळी करायची, ती फळीवर ठेवायची आणि तळहाताच्या टाचेने पुढे-मागे रगडत राहायचे. सुपारी भिजल्यासारखी काळपट होईपर्यंत हात थांबत नाही आणि तोंडही थांबत नाही. ज्या खर्ऱ्यावर राज्यात बंदी आहे तो रगडत रगडत या गृहस्थांनी माझ्यावर कायदा चालवला, याची नोंद वाचकांनी घ्यावी.

“लागलं त नाही ना, पोरी?”

“नाही, काकाजी.”

“मंग ठीक. चूक तुहीच होती.”

मी शांतपणे सांगितले की तो डावीकडून आला, मी त्याच्या उजव्या हाताला होते, त्यामुळे साइड त्यानेच द्यायला हवी होती.

“हे कोणं ठरवलं?”

“शिकागोला ठरलं आहे.”

“शिकागोत कोण राह्यते आपलं?”

“आपलं कोणी राहत नाही, काकाजी. बावन्न देशांनी सह्या केल्या आहेत.”

“त्या ट्रॅक्टरवाल्याची सही हाय काय त्याच्यात?”

येथे मी गप्प बसून घरी गेले असते तर हा लेख लिहावा लागला नसता. परंतु परीक्षा तोंडावर आलेल्या माणसाला श्रोता मिळाला की तो उजळणी केल्याशिवाय राहत नाही. मी स्कूटीवरचा चिखल पुसत त्यांना परिशिष्ट सांगू लागले. काकाजींनी मध्येच विचारले, “इमानाले हॉर्न राह्यते काय?” प्रश्न वाटतो तितका वेडगळ नाही. मोठ्या प्रवासी विमानांना हॉर्न असतो. विमान जमिनीवर उभे असताना खालच्या मेकॅनिकला हाक मारण्यासाठी तो वापरतात. हवेत त्याचा काही उपयोग नाही. हे मी सांगितले.

“मंग वरते साइड मांगते कसे?”

“मागत नाहीत. ज्याने द्यायची तो आपणहून देतो.”

काकाजींचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिले, ठेल्यावरच्या पोराकडे पाहिले आणि पुन्हा माझ्याकडे पाहिले. “मांगल्याबिगर?”

“हो.”

“आपल्या लोकाईलेबी पाठवते काय तिकडं?” असे म्हणून ते पुन्हा रगडू लागले.

मग मी मोठेपणाचा क्रम सांगितला, कारण परीक्षेत तो हमखास विचारतात. इंजिनवाल्या विमानाने हवाईजहाजाला (म्हणजे हलक्या वायूवर तरंगणाऱ्या एअरशिपला), ग्लायडरला (म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाला) आणि फुग्याला साइड द्यायची, हवाईजहाजाने ग्लायडरला आणि फुग्याला, ग्लायडरने फुग्याला. ज्याला स्वतःला वळणे जितके अवघड, त्याचा मान तितका मोठा. हा क्रम काकाजींना इतका आवडला की त्यांनी तो तीनदा म्हणवून घेतला. “म्हंजे फुगा आला त एवढ्या मोठ्या इमानानं बाजूले व्हाचं,” ते ठेल्यावरच्या पोराला म्हणाले, “आयक. याले म्हन्ते कायदा.” मला बरे वाटले. गेल्या कित्येक महिन्यांत माझ्या अभ्यासाबद्दल कोणी इतके चांगले बोलले नव्हते, आणि त्या भरात मी यादीतला शेवटचा मुद्दाही सांगून टाकला: जे विमान मागे काही ओढून नेत असेल, त्यालाही इंजिनवाल्या विमानांनी साइड द्यायची.

“काही म्हंजे काय काय?”

“दुसरं विमान, नाहीतर एखादी वस्तू.”

“कोणतीबी वस्तू?”

“कोणतीही.”

काकाजींनी पन्नी उलगडली. घोटलेल्या खर्ऱ्यातली चिमूट उचलली, गालात ठेवली, जिभेने ती नीट बसवली आणि बोटे धोतराला पुसली. एवढे सगळे होईपर्यंत त्यांनी एक शब्द उच्चारला नाही. मग म्हणाले, “ट्रॉली वस्तूच हाय ना?”

ठेल्यावर तोपर्यंत सात-आठ माणसे जमली होती आणि ती सगळी हसली. मी म्हटले, काकाजी, हा नियम विमानांसाठी आहे, ट्रॅक्टर म्हणजे विमान नव्हे. त्यावर ते म्हणाले, “मंग तुही स्कूटी हाय काय?”

यावर कोणत्याही परिशिष्टात उत्तर नाही. त्याच प्रकरणात एक वाक्य असे आहे की साइड मिळण्याचा हक्क असला, तरी टक्कर टाळण्याची जबाबदारी वैमानिकाच्या डोक्यावरून उतरत नाही. ते मी त्यांना सांगितले नाही. ट्रॅक्टरवाल्याचे वकीलपत्र त्यांनी आधीच घेतले होते. त्यांना आणखी पुरावे पुरवण्याचे मला काही कारण नव्हते.

पण मला खरोखर राग आला आहे, आणि तो काकाजींचा नाही. एकटीने विमान आकाशात नेण्याआधी मला सोळा वर्षे पूर्ण असावी लागली, डॉक्टरांकडून डोळे, कान, छाती तपासून घ्यावी लागली, परीक्षा द्यावी लागली, प्रत्येक उड्डाणाची मिनिटे वहीत लिहावी लागतात. उड्डाणाआधी बारा तास दारू वर्ज्य, ते योग्यच आहे. परंतु दारूचा अंश असलेले चूळ भरण्याचे औषधसुद्धा चालत नाही, आणि वर नळीत फुंकून निर्दोषत्व सिद्ध करायचे. वडिलांनी वावराचा तुकडा गहाण ठेवला तो या सगळ्यासाठी. त्या ट्रॅक्टरवर बसलेल्या पोराला मिसरूड फुटलेले मला तरी दिसले नाही. मागे लाल दिवा नव्हता, नंबराची पाटी कापसाखाली गेली होती, आणि त्याला कोणी नळीत फुंकायला लावले असते तर नळीचे काय झाले असते ते सांगवत नाही. तो मात्र जिनिंगला वेळेवर पोहोचला. आरसा माझा फुटला. आणि गावात दुसऱ्या दिवसापासून मला पाहिले की पोरे ओरडतात, “ओढणाऱ्याले साइड!”

कायदा सांगून या गावात माझे कधी भले झालेले नाही. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईचे प्रवासी विमान सुरू झाले, तेव्हा आमच्या गावाला कोण आनंद झाला होता. त्या आनंदात मी १९३७ च्या विमान नियमावलीतला ९१ वा नियम सांगितला: विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत जनावर कापायचे नाही आणि घाण टाकायची नाही, कारण त्यावर घारी-गिधाडे येतात आणि पक्षी इंजिनात शिरला तर विमान धोक्यात येते. आमचे गाव या वर्तुळात येते की नाही, यावर पुढे गावात बरीच मोजामोज झाली. नीट बंदोबस्त करून परवानगी मिळालेल्या कत्तलखान्याला सूट असते, हे माझे पुढचे वाक्य ऐकायला कोणी थांबले नाही. मी गावचे मटण बंद करायला आले आहे एवढेच सगळीकडे पसरले. तेव्हापासून रविवारी दुकानात आमचा नंबर सगळ्यांच्या शेवटी लागतो आणि वाट्याला बहुतेक मानेचे तुकडे येतात.

निवाडा झाल्यावर काकाजी एकदम मवाळ झाले. त्यांनी मला चहा सांगितला आणि स्वतःच्या कामाचे बोलू लागले. त्यांच्या तुरीत रोज रात्री रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरे शिरतात. “तू बेलोऱ्यावून उडशीन तवा आमच्या वावरावून खालून घे, अन् आवाज कर,” अशी त्यांची मागणी होती. मी सांगितले की मी तिथून उडत नाही, आणि उडत असते तरी वस्तीबाहेरसुद्धा ५०० फुटांच्या खाली येता येत नाही. गावावरून जायचे तर सर्वांत उंच अडथळ्याच्याही वर १००० फूट राहावे लागते. शिवाय नुसत्या नजरेच्या आधाराने रात्री सहसा उडताच येत नाही: सूर्यास्तानंतर वीस मिनिटांनी ते बंद, ते थेट दुसऱ्या दिवशी सूर्योदयाच्या वीस मिनिटे आधीपर्यंत.

“पाचशे फुटावून रोही वर बी पाह्यत नाही,” काकाजी म्हणाले. “अन् येते त रातीच. म्हंजे तुह्या कायद्याचा काही उपयोग नाही.”

मग ते म्हणाले की निदान वनखात्याला नुकसानभरपाईचा अर्ज तरी लिहून दे, तुले कायदा येते. कागद नव्हता. त्यांनी माझ्या वहीतले एक पान माझ्या देखत फाडले, ठेल्याच्या फळीवर ठेवले आणि मला सांगू लागले. ‘नम्र विनंती’ हे शब्द त्यांनी खोडायला लावले. नुकसानीचा आकडा दोनदा वाढवला. सही झाल्यावर तिच्याखाली ‘सोबत पायलट यांचा सल्ला घेतला आहे’ असे एक वाक्य घालायला लावले आणि कागदाची घडी करून खिशात टाकली.

घरी येऊन वही उघडली तेव्हा कळले की ते पान कंट्रोल टॉवरच्या दिव्यांच्या इशाऱ्यांचे होते, जे मला अजूनही पाठ नाही. आता वनखात्याच्या कोणत्या तरी टेबलावर त्या अर्जाच्या पाठीमागे माझ्या अक्षरात लिहिलेले असेल: ‘लाल दिव्याची उघडझाप: विमानतळ असुरक्षित, उतरू नये.’ अर्जावर पोच मिळाली असे काकाजी सांगतात. पान परत मागितले तर ते म्हणाले की आता ते सरकारी झाले.