तिकीट टाकलंय

तिकीट काढतात, फाडतात, हरवतात आणि निवडणूक आली की कापतात, एवढं मला ठाऊक होतं. तिकीट 'टाकतात' हे मात्र वयाच्या ४९व्या वर्षी, रसायनशास्त्रात पीएचडी करायला घेतल्यावर कळलं.

मी तालुक्याच्या कॉलेजात शिकवतो. माझा विषय असा की, टायटॅनियम डायऑक्साईडच्या पृष्ठभागावर एक विशिष्ट रेणू कसा बसतो. उभा, आडवा की तिरका. हे डोळ्यांनी बघायचं नाही, गणितानं काढायचं. ("त्याला कसं बसायचं तसं बसू द्या ना," हे घरचं मत.) या गणितासाठी 'क्वांटम एस्प्रेसो' नावाचं फुकट सॉफ्टवेअर मिळतं. मी फोनवर "एस्प्रेसो रात्रभर चालू ठेवलीय" असं म्हणताना बायकोनं ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून घरातला कॉफीचा डबा वरच्या फळीवर गेला.

कॉलेजच्या संगणकावर एक गणित लावलं. अंदाज निघाला १९ दिवसांचा. मी संगणकावर 'कृपया बंद करू नये' अशी चिठ्ठी लावली, शिपायाला चहा पाजला. सतराव्या दिवशी लाईट गेली. यूपीएसनं तीन मिनिटं केविलवाणी शिट्टी मारली आणि प्राण सोडला. गणित मधूनच पुढे सुरू करता येतं, त्याची सोय आधीच करून ठेवायची असते, हे मला अठराव्या दिवशी कळलं.

गाईड म्हणाले, "अहो, हे कसले हाल करताय? आपल्या विद्यापीठाचा सरकारी महासंगणक केंद्राशी सामंजस्य करार झालाय. संलग्न कॉलेजांनाही लागू आहे."

कराराचा फोटो मी पाहिला होता. नऊ माणसं मिळून एक फाईल धरून उभी होती. एवढी जड फाईल असेल असं वाटलं नव्हतं.

आपल्याकडे महासंगणकाची गोष्ट नकारातून सुरू झाली हे मी वर्गात नेहमी सांगतो. ऐंशीच्या दशकात अमेरिकेनं आपल्याला हवा तो क्रे महासंगणक द्यायला कांकू केली, मग १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था उभी राहिली आणि अकोला जिल्ह्यातल्या डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' तयार झाला. पुढे २०१५ साली राष्ट्रीय सुपरकंप्युटिंग मिशन मंजूर झालं, सात वर्षांसाठी ४,५०० कोटी रुपयांचं. यंत्रं आयआयटी, आयसर अशा संस्थांच्या आवारातच बसवायची, म्हणजे सरकारचं यंत्र आणि शिकणारी-शिकवणारी माणसं एका अंगणात. प्रशिक्षणाची केंद्रं खरगपूर, मद्रास, गोवा आणि पालक्काडच्या आयआयटींत काढली. नावं तर अशी की हात आपोआप जोडले जावेत: वाराणसीला परम शिवाय, खरगपूरला परम शक्ती, पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म. २०२४ साली तीन ठिकाणी परम रुद्र आले, त्यातला एक आपल्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या कामाला.

वेग पेटाफ्लॉपमध्ये सांगतात. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतकी गणितं. भास्कराचार्यांच्या यादीत या आकड्याला 'अंत्य' असं नाव आहे. मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

खातं मिळायला फॉर्म, त्यावर गाईडची सही, विभागप्रमुखांची सही, गोल शिक्का. मग पासवर्ड: बारा अक्षरं, त्यात एक मोठं, एक छोटं, एक आकडा आणि एक असं चिन्ह जे मराठी माणूस फक्त रागात वापरतो. मी तो भिंतीवरच्या कॅलेंडरात संकष्टीच्या चौकटीत लिहून ठेवला. आत शिरताना वाकडीतिकडी अक्षरं ओळखून आपण माणूस असल्याचं सिद्ध करावं लागतं. तीनदा चुकलो तर दार बंद. मी माणूस आहे यावर पहिल्या आठवड्यात दोघांचा विश्वास नव्हता, यंत्राचा आणि माझा.

शेवटी आत गेलो. काळा पडदा, एक लुकलुकणारी पांढरी काठी. माउस काही कामाचा नाही. मी देवाचं नाव घेतलं आणि गणित थेट सुरू करून दिलं. वीस मिनिटांत गणित गायब आणि ईमेल हजर. तुमचं काम मारून टाकलं आहे, असं इंग्रजीत. मी हादरलो. खाली एक ओळ होती: अडचण असल्यास तिकीट टाका.

टाकलं, म्हणजे मदतीची मागणी ऑनलाईन नोंदवली. अर्ध्या तासात फोन आला. कराराप्रमाणे वापरकर्त्यांच्या मदतीला विद्यापीठानं एक मुलगी नेमली होती. सव्वीस-सत्तावीसची असेल, बोलणं अस्सल वऱ्हाडी. मी तिला मॅडम म्हणायचो, ती मला सर, त्यामुळे कोण कोणाला शिकवतंय हे बाहेरून कळत नसे.

"सर, तुम्ही लॉगिन नोडवर काहून रन केलं?"

मी म्हटलं, "लॉगिन तर तिथंच झालो ना!"

तिनं न हसता समजावलं. नोड म्हणजे महासंगणकातला एकेक संगणक आणि लॉगिन नोड म्हणजे नुसता उंबरा. तिथं फायली लिहायच्या आणि खरं काम आत, कंप्युट नोडकडे, रांगेतून पाठवायचं. थोडक्यात, देवळात चपला काढतात त्या जागेवर मी अभिषेक मांडला होता आणि मागे शंभर माणसं खोळंबली होती.

मग स्क्रिप्ट लिहायची. किती नोड, किती वेळ, कुठलं सॉफ्टवेअर, हे एका फाईलमध्ये मांडायचं. दहा-बारा ओळी. मी घरच्या नोटपॅडमध्ये स्वच्छ लिहिली आणि पाठवली. उत्तर आलं: तुमच्या स्क्रिप्टमध्ये डॉसचे लाईन ब्रेक आहेत. मी फाईल वाचली, मोठी करून वाचली, प्रिंट काढून चष्मा लावून वाचली. कुठं काही ब्रेक झालेलं दिसेना. बायकोला दाखवली. ती म्हणाली, "तिसऱ्या ओळीत शाई पुसट आलीय."

तिकीट.

"सर, विंडोजमध्ये एंटर दाबला की दोन अक्षरं पडतात. एक नवी ओळ घ्यायचं आणि एक कॅरेज मागं न्यायचं. महासंगणकावर लिनक्स असते, त्याला दुसरं चालत नाही. दिसत नाही ते, पण असते."

कॅरेज! मी १९९३ साली टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मराठी ३० शब्दांची परीक्षा पास झालो. ओळ संपत आली की घंटी वाजायची, डाव्या हातानं तो दांडा ओढून कॅरेज मागं ढकलायची. जोरात ढकललं की मशीन टेबलावरून सरकायचं आणि सर डोक्यात टपली मारायचे. तीस वर्षांनी त्याच दांड्याचं भूत माझ्या प्रत्येक ओळीच्या टोकाला बसून एका महासंगणकाला अडवत होतं. "डॉस टू युनिक्स" अशी एक आज्ञा दिली आणि भूत उतरलं. मला उगाच हळहळ वाटली.

काम रांगेत लागलं. पडद्यावर नावापुढे 'पीडी'. पीडी म्हणजे पेंडिंग, मला ते 'पीडा'चं लघुरूप वाटे. शेजारी कंसात कारण असतं: प्रायॉरिटी. एक दिवस प्रायॉरिटी, दोन दिवस प्रायॉरिटी, आठव्या दिवशी प्रायॉरिटी. घरात सगळ्यांना पाठ झालं. मुलगा दूध आणायला उठेना तेव्हा पांघरुणातून म्हणाला, "मी पीडीत आहे."

तिकीट.

"सर, तुमचं गणित किती तासाचं?"

"सहा-सात."

"मग चार दिवस काहून मागितले? अन् सोळा नोड?"

"असू द्यावं जरा जास्तीचं."

आमची पिढीच तशी. दीडशे पाहुण्यांना अडीचशे पानांची ऑर्डर. पण तिनं उदाहरणच लग्नाचं दिलं. "पंगतीत चाळीस जण म्हणतात आम्हाला एका ओळीतच बसवा, तर थांबतात ते. एकटा माणूस येतो, मधली एक जागा रिकामी दिसते, बसून जिलबी खाऊन निघते. तुम्ही एकटे व्हा, सर." याला बॅकफिल म्हणतात. मोठ्या कामासाठी जागा जमेपर्यंत मधल्या फटीत लहान कामं उरकून घ्यायची, फक्त लवकर उठण्याचा शब्द द्यायचा.

दोन नोड, आठ तास मागितले. रात्री पावणेदोनला पीडीचं 'आर' झालं. आर म्हणजे रनिंग. मी बायकोला उठवलं. तिनं एक डोळा उघडून विचारलं, "कुणाला काय झालं?" चार सेकंदांत काम संपलं. फाईलचा पत्ता चुकला होता. पत्ता सुधारला, पुन्हा रांग. या वेळी सलग ६ तास १० मिनिटं चाललं. रेणू तिरका बसतो.

यानंतर माझी भीड इतकी चेपली की मी तिकिटं चण्या-फुटाण्यासारखी टाकू लागलो. एकदा टाकलं आणि चार दिवस उत्तरच नाही. पाचव्या दिवशी मीच फोन केला.

"सर, माझं कॉन्ट्रॅक्ट एकतीसला संपलं. अकरा महिन्यांचं होतं न. रिन्यूअलची फाईल वर गेलेली आहे."

"करार तर पाच वर्षांचा आहे म्हणाले होते!"

"तो त्यांचा, सर. माझा वेगळा."

"मग फाईल अडलीय कुठं?"

"पीडी दाखवते," ती म्हणाली. "रीझन, प्रायॉरिटी."

तरी तिनं फोनवरच माझी चूक सांगितली. एक स्वल्पविराम होता.

उत्तरांच्या फायली भरल्या ६० जीबी. घरच्या नेटवर त्या उतरायला लागल्या की डाउनलोड ८४ टक्क्यांवर बसून पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. गाईडच्या विद्यापीठात नॅशनल नॉलेज नेटवर्कची जाड वायर आहे, तिथं पाऊण तासात सगळं उतरलं. हार्ड डिस्क रुमालात गुंडाळून डब्याच्या पिशवीत ठेवली आणि रात्रीची शेवटची एसटी पकडली. मॅडमच्या रिन्यूअलची फाईल कुठवर आली ते विचारायला जाता जाता आस्थापना विभागात डोकावलो होतो. साहेब मीटिंगला गेले होते. शेवटी निघताना मदत केंद्राच्याच पानावर एक तिकीट टाकून आलो. विषय: आपल्या सपोर्टला सपोर्ट हवा आहे.

गाडी घाटाला लागली तसा डोळा लागला. खांद्यावर कुणी तरी पंचानं टकटक केलं.

"तिकीट?"

"टाकलंय," मी झोपेतच म्हणालो. "संध्याकाळीच. अजून उत्तर नाही."