कोऱ्या प्लेटबद्दल, आणि गिझर लावल्यावर जाणाऱ्या करंटबद्दल

नमस्कार मॅडम,

तुमचा अभिप्राय आधी एकट्याने वाचला, मग काम केलेल्या वायरमनला समोर बसवून पुन्हा वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी तुमची तक्रार थोडक्यात सांगतो. बाथरूमच्या दिव्याचं बटण दाराआड होतं, ते आरशाजवळ हवं होतं; आम्ही बाथरूमच्या बाहेर लावलं. अर्ध्या दिवसाचं काम दोन दिवस चाललं. जुन्या जागी पांढरी कोरी प्लेट मारून आम्ही "भिंतीला ठिगळ लावलं". आणि आम्ही गेल्यापासून गिझर लावला की अख्ख्या घराचा करंट जातो.

यातलं शेवटचं सगळ्यांत गंभीर, आणि ते संपूर्ण आमच्या पदरचं. तुम्ही फोन केलात तेव्हा "गिझर दाखवून घ्या" असं उत्तर मिळालं. ते न पाहता दिलेलं उत्तर होतं. काल मी स्वतः येऊन पाहिलं, गिझर ठणठणीत आहे. दोष निघाला तो दिव्यामागच्या जंक्शन बॉक्समध्ये. झाकण बसवताना एक स्क्रू न्यूट्रलच्या, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरच्या, आवरणात घुसला होता आणि ती वायर अर्थ केलेल्या लोखंडी बॉक्सला टेकली होती.

फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, अशी टेकली असती तर त्याच क्षणी फट्‌दिशी कळलं असतं. न्यूट्रल मुकाट राहते. दिवा लागतो, पंखा फिरतो, टेस्टर पेटत नाही. आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की घराची वीज तोडणारा सुरक्षा स्विच, एवढंच बघतो की फेजमधून जितका प्रवाह गेला तितका न्यूट्रलमधून परत आला की नाही. तुमचा आरसीसीबी 30 मिलिअँपिअरचा आहे, म्हणजे तेवढी तूट दिसली की तो पडणारच. दिवे-पंखे चालू असताना अर्थकडे निसटणारा वाटा किरकोळ होता. गिझरचा मोठा प्रवाह न्यूट्रलवर आला की निसटणारा वाटाही वाढायचा. त्यामुळे आळ गिझरवर आला, आणि आम्हीही तो येऊ दिला.

काम झाल्यावर मेगर, म्हणजे वायरचं आवरण शाबूत आहे का हे तपासणारं मीटर, लावायचा असतो: 500 व्होल्टवर वायर आणि अर्थ यांच्यामध्ये किमान 1 मेगओहम दिसायला हवा. आमच्या माणसाने मेगर लावला होता, आकडाही चांगला आला होता, पण झाकण बसवण्याआधी! बिलावर "टेस्टिंग" असं छापलेलं आहे, तुमच्या घरापुरतं ते अर्धंच झालं होतं. वायर काल बदलली, झाकण लावून मेगर पुन्हा घेतला, गिझर चालू ठेवून पाहिलं. तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल माफी मागतो.

आता, बटण हलवायचं तर दिव्याच्या बॉक्सला हात लावायचं कारणच काय, असं तुम्ही विचारलंय. तुम्हीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं की बटण बंद केलं तरी एलईडी रात्री मिणमिणतो. ज्या बटणात लाल इंडिकेटर असतो तिथे असं होऊ शकतं. तुमच्या बटणात तो नव्हता. म्हणून बटण बंद ठेवून होल्डरला टेस्टर लावला, तर पेटला. तुमच्या दिव्याचं बटण फेज तोडतच नव्हतं, न्यूट्रल तोडत होतं. दिवा विझायचा, पण होल्डरमध्ये फेज कायम हजर. बाथरूममध्ये ओल्या पायांनी स्टुलावर चढून "बटण बंद आहे" या भरवशावर बल्ब बदलणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. ही अदलाबदल आधीच कोणीतरी करून ठेवलेली होती, आम्ही ती सरळ केली आणि त्याचे पैसे लावले नाहीत. ते करतानाच वरची चूक झाली, हे आमचं दुर्दैव म्हणा किंवा घाई. मी घाई म्हणेन.

आरशाजवळच्या जागेबद्दल मात्र मी माझ्या माणसाच्या बाजूने आहे. टेपने मोजलं, ती जागा शॉवरपासून 80 सेंटिमीटरवर आहे. बाथरूमच्या वायरिंगसाठी आयईसी 60364 या आंतरराष्ट्रीय मानकात 701 हा वेगळा भाग आहे. खाली टब किंवा ट्रे नसलेल्या शॉवरसाठी त्यात तोटीपासून 1.2 मीटर, आणि जमिनीपासून 2.25 मीटर उंचीपर्यंत, साधं बटण चालत नाही. दाराच्या कडीच्या बाजूची आतली भिंतही तुमच्याकडे त्याच टापूत येते. राहिली बाहेरची भिंत. "आत माणूस असताना मुलं बाहेरून दिवा बंद करतात" ही तुमची तक्रार वाचून हसू आलं, पण ती खरी अडचण आहे. त्यावर उपाय आहे: छताला, 2.25 मीटरच्या वर, दोरी ओढायचं बटण. आत फक्त सुती किंवा नायलॉनची दोरी लोंबते. हे आधी सुचवायला हवं होतं, सुचलं नाही.

आणि ती कोरी प्लेट. ती काढून वर प्लास्टर करा म्हणालात तर मी नाही म्हणेन. छतातून आलेल्या जुन्या वायर तिथपर्यंतच पुरत होत्या. अखंड नवी वायर ओढायचा प्रयत्न झाला, पण पाइपच्या वळणात जुन्या बांधकामाचा सिमेंटमाल घट्ट बसला होता, वायर ओढायची स्प्रिंग तिथेच अडकली. दुसरा दिवस त्यातच गेला. शेवटी जुन्या बॉक्समध्ये कनेक्टर लावून वायर पुढे नेली. जोड आला की तो उघडून पाहता आला पाहिजे. जोड सैल पडला की तापतो, आणि प्लास्टरखाली तापणारा जोड कुठे आहे हे पुढच्या वायरमनला भिंत फोडल्याशिवाय समजत नाही. पाइप बंद निघाला तेव्हाच काम थांबवून तुम्हाला हे समजावून सांगायला हवं होतं. संध्याकाळी परत आल्यावर भिंतीवर अचानक पांढरा चौकोन दिसला तर कोणालाही ते ठिगळच वाटेल.

प्लेट भिंतीच्या रंगाची करून देता येते, मागे रबरी गॅस्केटही घालू. वायरसाठी बाहेरच्या भिंतीत पाडलेल्या झिरीवरचा पुट्टीचा पट्टा आमचा माणूस घासून रंगवून देईल. तुमच्याकडे भिंतीच्या रंगाचा जुना डबा असेल तर त्यावरच्या शेड क्रमांकाचा फोटो पाठवा. दोरीचं बटण हवं की नको तेही त्यातच कळवा, म्हणजे एकाच खेपेत उरकता येईल.