पुस्तक आपोआप पोचत नाही

नमस्कार.

माझ्या कथासंग्रहाबद्दल मी फेसबुकवर वारंवार लिहितो, ते तुम्हाला खटकलं. तुम्ही लिहिलंत, ‘चांगलं पुस्तक आपली वाट आपण काढतं. मी तालुक्याचं वाचनालय वर्षानुवर्षं सांभाळलं, मोठ्या लेखकांना कधी स्वतःची जाहिरात करताना पाहिलं नाही. तुम्ही साहित्याचा बाजार मांडलाय. हे कधी थांबणार?’ पुस्तकांसाठी आयुष्य दिलेल्या माणसाला दोन ओळींत उत्तर देणं बरं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या वाचनालयात नवं पुस्तक आलं की ते कुणाला आवडेल हे तुम्हाला माहीत असणार. त्या वाचकाला तुम्ही ‘हे न्या’ म्हणून हातात दिलं असणार. म्हणजे त्या पुस्तकाची वाट तुम्ही काढलीत, पुस्तकाने नाही. मराठीत प्रत्येक चांगल्या पुस्तकाच्या मागे असं कुणीतरी उभं होतं. कधी ग्रंथपाल, कधी रविवारच्या पुरवणीतला परीक्षक, कधी स्टँडजवळचा पुस्तकविक्रेता. १९७४ साली ग्रंथाली ही वाचक चळवळ सुरू झाली, तीसुद्धा पुस्तक वाचकाच्या दारापर्यंत नेल्याशिवाय पोचत नाही म्हणूनच.

आणि मोठे लेखक स्वतः कुठे गेलेच नाहीत, हे मला मान्य नाही. १९२३मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळातल्या कवींनी सभा-संमेलनांतून स्वतःच्या कविता गाऊन दाखवल्या आणि काव्यगायनाची गोडी लोकांना लावली. पुढे वसंत बापट, विंदा करंदीकर आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी मिळून महाराष्ट्रभर काव्यवाचनं केली. कवितेचं पुस्तक ज्याने कधी उघडलं नसतं, असा माणूसही तिथे येऊन बसायचा. आपलं लेखन आपल्या तोंडाने लोकांपुढे ठेवण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. त्यांच्याशी माझी बरोबरी नाही. पण लेखकाने गप्प बसावं ही मराठीची परंपरा आहे, असं कुणी सांगितलं तर मी ते ऐकून घेणार नाही.

आज काय उरलंय ते तुम्हीच पाहा. कितीतरी तालुक्यांच्या गावी स्पर्धा परीक्षांची पुस्तकं आणि गाइडं मिळतात, कथासंग्रह मिळत नाही. वर्तमानपत्रांत परीक्षणाची जागा आक्रसली. वाचनालयांचं अनुदान वेळेवर येत नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त सोसलंय. अशा वेळी मराठवाड्यातल्या एखाद्या गावातल्या, शाळा आणि घर सांभाळून लिहिणाऱ्या बाईने आपली कथा कुणाला दाखवायची? पुण्या-मुंबईत तिची ओळख नाही. ती फेसबुकवर लिहिते आणि तिला पहिले शंभर वाचक मिळतात. तिथूनच एखादा प्रकाशक तिला फोन करतो. अशा लेखिका मी पाहिल्यात, त्यांचं लेखन वाचलंय. त्यांना ‘स्वतःचा ढोल वाजवू नका’ असं सांगायला माझी जीभ रेटत नाही.

बाजाराबद्दल. माझ्या पुस्तकाची किंमत ३०० रुपये आहे, मानधन दहा टक्के. पाचशे प्रतींची आवृत्ती पूर्ण खपली तर मला १५,००० रुपये मिळतील, तेही काही वर्षांच्या कामाचे. पैशासाठी कुणी हा मार्ग धरणार नाही. कथा लिहिली ती कुणीतरी वाचावी म्हणून, एवढंच.

तुमच्या रागातला एक भाग मात्र माझाही आहे. न विचारता व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये ओढणं, पन्नास जणांना टॅग करणं, मित्रांकडून परीक्षणं लिहून घेऊन ती अनोळखी वाचकांची म्हणून फिरवणं, हे मलाही सहन होत नाही. शेवटचा प्रकार तर सरळ फसवणूक आहे. त्याहून मोठी भीती मला लेखनाची वाटते. ज्या दोन ओळींवर भराभर लाइक पडतात, तशाच ओळी हात पुन्हा लिहू लागतो. कथेतली संथ, अवघड जागा, जिथे माणूस काहीच बोलत नाही, ती पोस्टमध्ये मावत नाही. मग ती हळूहळू कथेतूनही जाते. ओळखीच्या दोन चांगल्या लेखकांचं असं झालेलं मी पाहिलंय आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून मी सुटी वाक्यं चित्रावर छापून टाकत नाही. टाकली तर आख्खी कथा टाकतो, लांब असली तरी. आणि नवं लेखन चालू असेल तेव्हा त्याबद्दल तिथे एक अक्षर लिहीत नाही.

‘कधी थांबणार?’ याचं उत्तर सरळ देतो. ही आवृत्ती संपेपर्यंत मी पुस्तकाबद्दल लिहीत राहीन, आठवड्यातून एकदा. त्यातल्या निम्म्या पोस्ट इतरांच्या पुस्तकांवर असतील, ते आजही मी करतो. आणि तुम्ही वाचनालयात वाचकांच्या हाती आवर्जून दिलेल्या, आता कुणाच्या फारशा लक्षात नसलेल्या पुस्तकांची नावं मला कळवलीत, तर ती मिळवून वाचेन आणि आवडलेल्यांवर तिथेच लिहीन.